मैदान खुले, दार बंद

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे जात असे. मामाचे गाव छावणीचे. वैशाखात सारा मुलूख करपून गेला तरी गावाबाहेरचे एक मैदान मात्र हिरवेगार असे. गाईगुरांना तिथे मज्जाव होता आणि आम्हा पोरांनाही. पण एक वाट होती. सकाळी साडेपाचला फाटकाशी जाऊन उभे राहिले की मुकादम दहाबारा पोरे निवडून आत घेई. आत खेळणाऱ्यांच्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांनी भरलेली कातडी पिशवी खांद्याला लावायची आणि तीनचार मैल त्यांच्या मागे चालायचे. त्याचे पाच रुपये मिळत. गोरे साहेब केव्हाच गेले होते, पण साहेबी मागे ठेवून गेले होते.

एके दिवशी खेळ अर्ध्यावर असताना वळीव कोसळला. खेळणारे धावत क्लबाच्या व्हरांड्यात शिरले. आम्हीही मागोमाग पायऱ्या चढू लागलो, तो दारावरच्या शिपायाने हात आडवा केला. त्याने आमच्या खांद्यांवरच्या पिशव्या काढून घेतल्या आणि आत नेऊन कोरड्या जागी ठेवल्या. कातडे भिजले तर खराब होते. पोरे भिजली तर वाळतात. आम्ही समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहून आत चाललेला चहा पाहात होतो. मला त्या वेळी राग आला नाही. शिपायाचे बरोबरच आहे असे मला वाटले, आणि आज आठवते ते हेच.

पुढे मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, चार कादंबऱ्याही लिहिल्या. मैदानाकडे पुन्हा फिरकलो नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वाचनालयासाठी रद्दीवाल्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात गोल्फच्या इतिहासाचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. मॅट्रिकच्या इंग्रजीला कोशाची काठी देऊन मी ते वाचले आणि मग जे मिळेल ते वाचीत गेलो. खरे सांगायचे तर मी राजेरजवाडे शोधीत नव्हतो. कडुलिंबाखालची माणसे या इतिहासात कुठे आहेत, एवढेच मला पाहायचे होते. ती सापडली, आणि सापडली ती थेट पहिल्या पानांपासून.

खेळ तसा पोरकट वाटावा असाच आहे. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल खणतो आणि गोटी तिच्यात घालतो. इथे गोटीऐवजी चेंडू, बोटांऐवजी काठी आणि एका गलीऐवजी मैलोगणती पसरलेल्या अठरा खळग्या, एवढाच फरक. कमीत कमी टोल्यांत जो सगळ्या खळग्या पुऱ्या करील तो जिंकला. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूट, खुरट्या गवताच्या माळावर हा खेळ वाढला. त्या माळावर पीक येत नसे आणि तो कुणा एकाच्या मालकीचाही नसे. धनगर, कोळी, सरदार सारेच तिथे वावरत. खेळाचे पहिले मैदान हे असे गावकीचे होते.

त्याचा पहिला पक्का उल्लेख सापडतो तो बंदीच्या हुकमात. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फर्मावले की लोकांनी फुटबॉल आणि गोल्फ टाकून द्यावा आणि तिरंदाजीचा सराव करावा. इंग्लंडशी हाडवैर होते आणि सैन्याला तिरंदाज हवे होते. १४७१ आणि १४९१ साली हाच हुकूम पुन्हा काढावा लागला. एकच हुकूम तीनदा काढावा लागतो तेव्हा तो कुणी पाळीत नाही, हे शाळामास्तरांना वेगळे सांगायला नको! पुढे १५०२ साली इंग्लंडशी तह झाला, आणि ज्याने १४९१ ची बंदी काढली त्याच चौथ्या जेम्स राजाने पर्थ गावच्या एका धनुष्ये बनविणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. राजाच्या खर्चाच्या वहीत तशी नोंद आहे.

दोन देशांतला पहिला सामना म्हणून जो सांगतात तो १६८१-८२ च्या सुमाराचा. त्याला आख्यायिकेचा रंग आहे, पण ती सांगण्यासारखी आहे. पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेला ड्यूक ऑफ यॉर्क त्या वेळी एडिंबरोस मुक्कामाला होता. दोन इंग्रज उमरावांनी त्याच्याशी वाद घातला की गोल्फ हा मुळी आमचाच खेळ. वादाचा निकाल मैदानावर लावायचे ठरले. ड्यूकने आपला जोडीदार शोधायला सुरुवात केली तेव्हा दरबारातून नव्हे, तर बाजारातून नाव आले: जॉन पॅटरसन, धंदा चांभाराचा. लीथच्या माळावर ड्यूक आणि चांभार एका बाजूने खेळले आणि जिंकले. पणातला मोठा वाटा ड्यूकने पॅटरसनला दिला आणि त्यातून त्याने एडिंबरोच्या कॅननगेट भागात घर बांधले, असे म्हणतात. ड्यूकच्या काठ्या त्या दिवसांत अँड्र्यू डिक्सन नावाचा एक मुलगा वाहात असे. मोठेपणी तो काठ्या बनविणारा कारागीर झाला. खेळाच्या इतिहासात ज्याचे नाव टिकले असा हा पहिला पिशवीवाला. तिकडच्या भाषेत कॅडी.

तेव्हा आंतरराष्ट्रीय गोल्फच्या पहिल्याच गोष्टीत एक राजपुत्र, एक चांभार आणि एक ओझे वाहणारा पोर आहे. पुढची दोनअडीचशे वर्षे या तिघांचे नाते काय राहावे याचाच झगडा चालला, असे म्हटले तरी चालेल.

१७४४ साली लीथच्या खेळाडूंनी एडिंबरो नगरपालिकेकडून बक्षिसासाठी चांदीची एक काठी मिळविली आणि खेळाचे तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने नियम. स्पर्धा ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या कोणत्याही भागातल्या खेळाडूंना खुली असल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात खेळले ते दहाजण, सारे आसपासचे. जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य पहिला आला. पुढे हा गृहस्थ बंडखोर राजपुत्र चार्ल्सच्या फौजेबरोबर गेला आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला. त्याच्यासाठी रदबदली केली ती वरिष्ठ न्यायाधीश डंकन फोर्ब्स यांनी. ते त्याचे मैदानावरचे सोबती होते. गोल्फने माणसाचा जीव वाचविल्याचे हे एक उदाहरण. मात्र तशी ओळख व्हायला माणूस आधी क्लबात असावा लागतो.

कारण आता क्लब निघू लागले होते. १७५४ साली सेंट अँड्र्यूजला बावीस सरदार-गृहस्थांनी मंडळ स्थापन केले. १७६४ साली तिथल्या मैदानाच्या बावीस खळग्यांच्या अठरा झाल्या आणि पुढे तोच आकडा जगाने घेतला. इंग्रजी राज्याबरोबर खेळ समुद्र ओलांडून आला तो आपल्याकडे. १८२९ साली कलकत्त्याला गोल्फ क्लब निघाला. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना क्लब म्हणून आजही त्याचा मान आहे. १८४२ साली मुंबईतही क्लब झाला. खेळणारे अर्थात गोरे. पिशव्या कोणाच्या खांद्यावर होत्या हे मी सांगायला नको.

क्लब सरदारांचे झाले खरे, पण खेळ चालत होता कारागिरांच्या बोटांवर. त्या काळचा चेंडू कातड्याचा असे. टोपीभर पिसे उकडून एवढ्याशा पिशवीत ठासायची आणि तोंड शिवायचे. दिवसभर खपून माणसाच्या हातून तीनचार चेंडू होत. त्यामुळे चेंडू महाग आणि खेळ श्रीमंताचा. सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन हा असे चेंडू करणारा आणि त्या काळचा अव्वल खेळाडू. त्याच्याच दुकानात टॉम मॉरिस नावाचा एक तरुण कामाला होता. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून केलेले गट्टापर्च्याचे चेंडू आले. ते स्वस्त होते आणि फुटले तर पुन्हा वितळवून वळता येत. रॉबर्टसनला हा आपल्या पोटावर पाय वाटला. एकदा खेळताना टॉमचे चेंडू संपले आणि त्याने दुसऱ्याकडून गट्टापर्च्याचा चेंडू घेतला. धन्याने ते पाहिले आणि दोघांचे फाटले. टॉम १८५१ साली प्रेस्टविकला मैदानाची देखभाल करायला गेला.

त्या भांडणाने इतिहासाची वाट बदलली. १८५९ साली रॉबर्टसन वारला. आता सर्वांत चांगला खेळाडू कोण, हे ठरविण्यासाठी प्रेस्टविकच्या क्लबाने तांबड्या मोरोक्को चामड्याचा एक पट्टा बक्षीस लावला आणि इतर क्लबांना लिहिले की आपापले चांगल्या वर्तणुकीचे कॅडी पाठवावेत. १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठजण आले. बारा खळग्यांच्या मैदानाला तीन फेऱ्या मारून मसलबराचा विली पार्क १७४ टोल्यांत जिंकला; टॉम मॉरिस दोन टोल्यांनी मागे राहिला. पुढच्या वर्षी जाहीर झाले की ही स्पर्धा यापुढे सगळ्या जगाला खुली राहील. हीच ती 'ओपन'. जगातली सर्वांत जुनी गोल्फ-स्पर्धा ती, आणि तिचे पहिले मानकरी कोण, तर सरदारांच्या पिशव्या वाहणारे, चेंडू शिवणारे, गवत कापणारे. पहिल्या वर्षी त्यांना एक पैसाही बक्षीस नव्हते. १८६४ साली विजेत्याला प्रथम रोख रक्कम मिळाली, ती सहा पौंड.

टॉमचा मुलगाही टॉमच. १८६८ साली सतराव्या वर्षी त्याने ओपन जिंकली, मग १८६९ ची आणि १८७० चीही. तीनदा ओळीने जिंकल्यामुळे पट्टा नियमाप्रमाणे कायमचा त्याचा झाला आणि १८७१ साली बक्षीसच नाही म्हणून स्पर्धा भरली नाही! १८७२ साली ती पुन्हा भरली तेव्हाही तोच जिंकला. पट्ट्याच्या जागी आलेल्या चांदीच्या सुरईवर पहिले नाव त्याचेच कोरले आहे. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिक येथे पार्क बंधूंशी खेळत असताना तार आली: बायको बाळंतपणात अडली आहे. एका गृहस्थाने आपली नाव दिली, पण घर गाठण्याआधीच बाई आणि मूल दोन्ही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला, वय चोवीस. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कॅथेड्रलच्या आवारात त्याचे स्मारक आहे. त्यासाठी साठ गोल्फ-मंडळांनी वर्गणी दिली. जिवंतपणी यांतल्या किती मंडळांच्या दिवाणखान्यात त्याला खुर्ची मिळाली असती, असा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात येतो. व्यावसायिक खेळाडू हा क्लबाचा नोकर. त्याने बाजूच्या दाराने यावे आणि दुकानात बसावे, असा तेव्हाचा रिवाज होता.

स्कॉटलंडची मक्तेदारी हळूहळू सुटत गेली. १८९० साली जॉन बॉल या हौशी खेळाडूने ओपन जिंकली. तो पहिला इंग्रज. अमेरिकेत १८९४ साली दोन क्लबांनी दोन वेगवेगळ्या स्पर्धा भरविल्या आणि राष्ट्रीय विजेता कोण यावरून तंटा माजला. त्यातून वर्षअखेर सर्व क्लबांची एक संघटना झाली. १८९५ साली तिची पहिली ओपन न्यूपोर्टला झाली. जिंकला होरेस रॉलिन्स, एकवीस वर्षांचा इंग्रज मदतनीस.

पण मला थांबावेसे वाटते ते पुढच्या वर्षापाशी. १८९६ ची अमेरिकन ओपन शिनेकॉक हिल्सला होती. हे मैदान तयार करायला शिनेकॉक जमातीचे इंडियन मजूर राबले होते. तिथे कॅडीचे काम करून खेळ शिकलेल्या दोन मुलांनी नावे दिली: सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय जॉन शिपेन आणि शिनेकॉक इंडियन ऑस्कर बन. गोऱ्या व्यावसायिकांनी कळविले, ही दोघे खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर हे साखरसम्राट. त्यांनी उत्तर दिले की मग या दोघांचीच स्पर्धा होईल. धमकी विरली आणि सारे खेळले. शिपेनचा खेळ रंगला होता, पण दुसऱ्या फेरीत तेराव्या खळगीशी चेंडू वाळूच्या रस्त्यात रुतला आणि एका खळगीला अकरा टोले गेले. तो सात टोल्यांनी मागे राहिला. एका माणसाने ठाम शब्द दिला म्हणून एक पोर खेळू शकला. असा शब्द देणारे नेहमी मिळतातच असे नाही.

१९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ आला. बायकांची स्पर्धा नऊ खळग्यांची होती. ती सत्तेचाळीस टोल्यांत जिंकली मार्गारेट अॅबट हिने. मुलगी अमेरिकन, पण जन्म आपल्या कलकत्त्याचा. तिची आई मेरी अॅबट ही माझ्याच धंद्यातली, म्हणजे कादंबरीकार. तीही त्याच स्पर्धेत खेळली. त्या वर्षी सामन्यांचा एवढा गोंधळ होता की आपण ऑलिंपिक जिंकले हे मार्गारेटला कधी कळलेच नाही. १९५५ साली ती वारली. तिच्यामागे एका संशोधक बाईंनी तिच्या मुलांचा माग काढून त्यांना आईचा पराक्रम सांगितला. १९०४ नंतर ऑलिंपिकमधून गोल्फ गेला तो २०१६ सालीच परत आला.

१९०७ साली ओपनची सुरई प्रथमच ब्रिटनबाहेर गेली. ती नेणारा आर्नो मासी हा बियारित्झचा बास्क. इंग्रज पाहुण्यांच्या पिशव्या वाहता वाहता तो खेळ शिकला होता. जिंकल्याच्या आनंदात त्याने नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या नावात त्या मैदानाचे नाव, हॉयलेक, घातले.

आणि मग १९१३. बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे अमेरिकन ओपन होती. इंग्लंडहून हॅरी व्हार्डन आणि टेड रे हे दोन महारथी आले होते. व्हार्डन हा जर्सी बेटावरच्या माळ्याचा मुलगा. तोवर पाचदा ब्रिटिश ओपन जिंकलेला. त्यांच्यासमोर फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा पोर. मैदानाच्या सतराव्या खळगीसमोर रस्त्यापलीकडे त्याचे घर. त्या मैदानावर तो कॅडी म्हणून राबलेला आणि आता खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकर. चार फेऱ्यांनंतर तिघांचे टोले सारखे झाले: ३०४. निकालासाठी २० सप्टेंबरला तिघे पुन्हा खेळायचे होते.

विमेटची पिशवी एडी लाउरी वाहात होता. वय वर्षे दहा. पिशवी त्याच्या जवळजवळ उंचीची. निर्णायक सामन्याच्या सकाळी काही मंडळींनी सुचविले की आता हा पोरखेळ पुरे, कुणी जाणता माणूस बरोबर घे. पोराच्या डोळ्यांत पाणी आले. विमेटने त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले, माझी पिशवी एडीच वाहील. पावसाने चिंब झालेल्या मैदानावर त्या दिवशी विमेटचे बहात्तर टोले झाले, व्हार्डनचे सत्त्याहत्तर आणि रेचे अठ्ठ्याहत्तर. लोकांनी दोघांना उचलून घेतले आणि टोपी फिरवून एडीसाठी पैसे जमविले. हाच विमेट १९५१ साली सेंट अँड्र्यूजच्या क्लबाचा कप्तान झाला, तो मान मिळालेला पहिला अमेरिकन. ज्याने एके काळी पिशवी वाहिली तो खेळाच्या सर्वांत जुन्या उंबरठ्याच्या आत जाऊन बसला.

परंतु विमेट हौशी होता. जे पोटासाठी खेळत त्यांना दार बंदच होते. १९२० साली अमेरिकेचा वॉल्टर हेगन डील येथे ब्रिटिश ओपन खेळायला गेला. व्यावसायिकांनी क्लबात कपडे बदलायचे नाहीत असे त्याला सांगण्यात आले. त्याने भाड्याची आलिशान मोटार आणविली, क्लबाच्या दारासमोरच उभी केली आणि तीत कपडे बदलू लागला. खेळात तो सपाटून हरला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती मोटार. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडो शहरच्या इन्व्हर्नेस क्लबाने ओपनच्या वेळी आपले दार व्यावसायिकांना उघडले. खेळाडूंनी कृतज्ञतेने त्या क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. १९२२ साली हेगनने ब्रिटिश ओपन जिंकली आणि बक्षिसाची रक्कम आपल्या कॅडीला देऊन टाकली असे सांगतात. १९२७ साली बी-बियाणांचे व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी दिलेल्या सोन्याच्या चषकासाठी ब्रिटन आणि अमेरिका यांच्या व्यावसायिकांची पहिली अधिकृत लढत अमेरिकेत झाली. चषकाच्या झाकणावर गोल्फ खेळणारी एक मूर्ती आहे. ती कुणा सरदाराची नाही, रायडर यांना खेळ शिकविणाऱ्या एब मिचेल या व्यावसायिकाची आहे.

इथे गोष्ट सुखान्त करून थांबता आले असते. कादंबरीकार म्हणून मला तो मोहही झाला. पण पुढच्या वाचनात मला एक माणूस भेटला आणि हात अडखळला. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा पापवा सेवगोलम. हिंदुस्थानातून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांचा वंशज. धंदा कॅडीचा, अक्षरओळख नाही, काठी धरायची पद्धतही उलटी. १९५९ साली त्याने हॉलंडची ओपन जिंकली. १९६३ साली आपल्याच गावी, डरबनला, साऱ्या गोऱ्यांना मागे टाकून नाताळ प्रांताची ओपन जिंकली. बक्षीससमारंभाच्या वेळी पाऊस लागला. समारंभ क्लबाच्या आत होता, आणि वर्णभेदाच्या रिवाजात पापवाला आत जागा नव्हती. त्याला त्याचा चषक बाहेर पावसात देण्यात आला. ते छायाचित्र जगभर छापले गेले.

ते छायाचित्र मी पुष्कळ वेळ पाहात बसलो. ओपन म्हणजे खुली, असे मी मुलांना शिकवितो. १८६१ साली मैदान साऱ्या जगाला खुले झाले, आणि पायऱ्या चढून आत जायला काहींना साठ वर्षे लागली, काहींना शंभर पुरली नाहीत.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दर वर्षी पाहुणे येतात. मंडप झाडण्याचे, सतरंज्या टाकण्याचे, पाणी भरण्याचे काम ठरावीक मुले करतात. गरीब घरची, सांगितलेले ऐकणारी. फराळाच्या वेळी ती बाहेर उभी असतात. इतकी वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि मी आत बसून चहा घेत होतो. गेल्या वर्षी मी उठून त्यांना आत घेतले. हेडमास्तरांनी भुवया वर केल्या, पण बोलले काही नाहीत. मुले आधी दाराशीच घुटमळली. त्यांतला एक हळूच म्हणाला, "सर, आम्ही बाहेरच बरे आहोत."

त्या पोराला मी ओळखले. तीस वर्षांपूर्वी तो कडुलिंबाखाली उभा होता.